पासंग

झाग्रेबहून वजनमापं खात्याचा पोरगा आलाय.
राकिया नको म्हणाला, ड्यूटीवर आहे.
"आजी, काटा संग्रहालयात जाणार,
पण आधी शून्यावर यायला हवा.
आणि पारड्यात ही डबी कसली?"

पासंग, मी म्हटलं. बस.

द्रेनोविकला शहर म्हणायची परवानगी
कुठल्याशा महाराणीने दिली;
गायींना आम्ही अजून सांगितलेलं नाही.
धान्याच्या नावा कुपा नदीतून इथवर यायच्या,
पुढे पाणी उथळ.
म्हणून इथे काटा, काट्याभोवती चौक,
चौकाभोवती चर्च, तीन खानावळी, आणि भांडणं.

आजोबांनी गहू तोलला, डुकरं तोलली,
अमेरिकेला निघालेल्यांच्या पेट्या तोलल्या.
इलिया लोहाराच्या पेटीत ऐरण निघाली.
तिकडे लोखंड नसतं का रे?
असेल, म्हणाला, पण माझ्या ओळखीचं नाही.

सोळा साली सैन्याने चर्चची घंटा उतरवली
तोफा ओतायला. तीनशे अठरा किलो.
वही बघ: दराच्या रकान्यात
आजोबांनी लिहिलंय, "दुपारचे बारा".

वजनांवरचे शिक्के बदलत गेले,
दोन डोक्यांचा गरुड, मुकुट, तारा, चौकटी.
लोखंड तेच.
पैसे म्हणशील तर क्रोन, दिनार, कुना,
पुन्हा दिनार, पुन्हा कुना, आता तुझा युरो.
भाव मात्र कुणालाच कधी परवडला नाही.

एकेचाळीसच्या पुरात काट्याच्या फळ्या फुगल्या.
रिकामा काटाही झुकायला लागला.
बाबांनी पासंगाला नदीतला गोटा ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री
लेओपोल्ड फ्युर्स्टला नेलं,
त्याच्या इर्माला,
आणि माझ्या बाकावर बसणाऱ्या लिझलला.
तिच्याकडे माझी पट्टी राहिली.
कुणी नेलं?
इथल्याच पोरांनी, नव्या गणवेशातल्या.
नावं मला ठाऊक आहेत.
त्यातल्या दोघांची नातवंडं
दर हिवाळ्यात मला लाकडं फोडून देतात.

दुकानातला माल चौकात आणून विकला, किलोवर.
रिबिनी, अस्तरं, सुयांचे खोके.
बटणं भरली चौदा किलो.
मी आठ वर्षांची, काटा वाचता यायचा मला.
बाबांनी लिहिलं: तेरा किलो सातशे.

मापात पाप नको, असं
जेवताना, झोपताना सांगणारा माणूस.
त्या रात्री गोटा नदीत गेला
आणि पारड्यात ही डबी आली.
चोरी होती की ठेव,
मी विचारलं नाही. तेही बोलले नाहीत.

तेव्हापासून या गावाने जे जे तोललं
ते या डबीसमोर.
सहकारी सोसायटीचं बीट. माझ्या लग्नाचं डुक्कर.
स्टुटगार्टला निघालेल्या नवऱ्याची बॅग, एकवीस किलो,
परत आली तेव्हा नऊ.
एक्याण्णवमध्ये शेजारची स्ताना रात्री आली,
गाद्या तोलून दे म्हणाली,
ट्रकवाला किलोवर घेत होता.
मी तोलल्या. कंदील तिनेच धरला.
दोघी काही बोललो नाही, आणि आता
कुठे पत्र घालावं तेही ठाऊक नाही.

सरकारं काट्यावर चढली, उतरली;
या डबीच्या पासंगाला एक पुरलं नाही.

पोरगा बराच वेळ वहीत बघत राहिला.
मग म्हणाला, नियमाने काढावी लागेल.
काढ, मी म्हटलं.

त्याने दोन बोटांनी डबी उचलली.
फळीवर कुणी नव्हतं.
फळी खाली गेली,
कुणी सावकाश पाय ठेवावा तशी.

त्याने डबी परत ठेवली. घाईत झाकण सरकलं,
एक बटण घरंगळत दारापाशी गेलं,
निळं, चार भोकांचं.
ते उचलायला तो गुडघ्यावर बसला
आणि तिथूनच, वर न बघता, म्हणाला,
ती राकिया आहे का अजून?